बार्टच्या बोगद्यावरची कुत्र्यांची बाग

आमच्या सोसायटीत सी विंगच्या मागे, जनरेटर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, जाळी मारलेला एक कोपरा आहे. फाटकाला कुलूप. आत गुडघाभर गवत, एक तुटका नळ आणि 'पेट झोन' लिहिलेली पाटी. त्यातला 'झोन' पावसाने धुऊन गेलाय. हा कोपरा सुरू झाला तेव्हा नारळ फोडला होता, पेढे वाटले होते आणि आमच्या बबड्याने (देशी, वय तेव्हा दोन) फीत कापायच्या आधीच खांबाशी पाय वर करून उद्घाटन उरकलं होतं. दीड वर्षात कुलूप लागलं. का लागलं ते सांगतो नंतर, त्यात माझाही हात आहे.

गेल्या महिन्याच्या एजीएममध्ये ती जागा टू-व्हीलर पार्किंगला द्यायचा ठराव आला. मी विरोधात बोलायला उभा राहिलो. एक काका म्हणाले, "अहो, कुत्र्यांना कसली बाग? ही सगळी अमेरिकन फॅडं!" अमेरिकन आहे हे खरंय, पण फॅड नाही, एवढंच मी बोलू शकलो. कारण पुढचा विषय लिफ्टचा होता आणि लिफ्टपुढे कोणाचंच काही चालत नाही. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. तेव्हा हा विकांताचा लेख त्या काकांसाठी. ते ब्लॉग वाचत नाहीत, पण असो.

तर मंडळी, 2008 साली मी सात महिने ऑनसाइट होतो. ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत आणि राहायला बर्कलीत, कारण एक मित्र तिथे शिकत होता आणि भाडं वाटून घेता येत होतं. रोज नॉर्थ बर्कली स्टेशनवरून बार्ट पकडायची. बार्ट म्हणजे तिकडची लोकल, फक्त दाराला लटकायची सोय नाही. स्टेशनजवळून हर्स्ट अॅव्हेन्यूच्या कडेने बागेचा एक लांबच लांब पट्टा जातो. ओलोनी पार्क त्याचं नाव. त्याच्या पूर्वेच्या टोकाला जाळीचं कुंपण आणि आत पंधरा-वीस कुत्री, सगळी मोकळी! पहिल्या शनिवारी मी अर्धा तास नुसता कुंपणाला टेकून उभा होतो.

एका आजींनी विचारलं, यातला तुझा कुठला? म्हटलं, माझा कुठलाच नाही, मी असाच बघतोय. त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. कुत्र्यांनी उकरलेले खड्डे बुजवायचे होते. आजींचा तो शनिवारचा कार्यक्रमच होता. मी सात खड्डे बुजवले. त्या जागेला काय इतिहास आहे हे मला बरंच नंतर, पुण्यात परत आल्यावर कळलं.

अमेरिकेतली पहिली कुत्र्यांची सार्वजनिक बाग म्हणून जिचं नाव सहसा घेतलं जातं, ती हीच. साल 1979. आणि ती जमीन मोकळी राहिली ती आपल्या... म्हणजे त्यांच्या लोकलमुळे.

झालं असं. साठच्या दशकात बार्टची आखणी झाली तेव्हा बर्कलीतून गाडी काही भागात खांबांवरून जाणार होती. गावाचे दोन तुकडे होतील म्हणून लोक बिथरले आणि 1966 साली बर्कलीकरांनी मतदान करून स्वतःवरच जादा कर लावून घेतला, की बाबांनो, जास्तीचा खर्च आम्ही देतो पण गाडी जमिनीखालून न्या. (हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं. स्वतःहून कर!) बोगदा खणायला हर्स्टच्या कडेची घरं पाडली. बोगदा झाला, वर माती टाकली, आणि शहराच्या मधोमध एक लांबट मोकळा पट्टा उरला.

मग आलं 1969. बर्कली विद्यापीठाच्या एका मोकळ्या जागेवर विद्यार्थ्यांनी आणि गावकऱ्यांनी स्वतःच बाग केली होती, ते प्रसिद्ध पीपल्स पार्क. 15 मेला पहाटे पोलिसांच्या बंदोबस्तात तिला कुंपण घातलं गेलं, दुपारी दंगल पेटली, गोळीबार झाला आणि त्यात जखमी झालेला एक तरुण पुढे गेला. ती बाग हातची गेल्यावर लोक रोपं घेऊन इकडे हर्स्टच्या पट्ट्यावर आले आणि झाडं लावू लागले. नाव दिलं पीपल्स पार्क अॅनेक्स. पुढची दहा वर्षं इथे इमारती बांधायच्या की बाग ठेवायची यावर वाद चालला. शेवटी 1979 साली बाग अधिकृत झाली, आणि त्या भागातल्या मूळ आदिवासींच्या नावावरून तिला ओलोनी नाव मिळालं.

म्हणजे इथल्या लोकांना जागेसाठी भांडायची सवय होती आणि जागा मिळाल्यावर तिच्यात घाम गाळायचीही. मला वाटतं, कुत्र्यांची बाग नेमकी इथेच टिकली ती त्यामुळे. त्याच वर्षी बागेचा एक तुकडा कुत्र्यांसाठी कुंपण घालून वेगळा काढला, तोही आधी 'प्रयोग' म्हणून. कुत्रेवाल्यांनी आपली संघटना काढली आणि साफसफाई, देखभाल अंगावर घेतली. त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी मार्था स्कॉट बेनेडिक्ट यांचं नाव पुढे त्या बागेला दिलं गेलं. आपल्याकडे नाव देतात ते फीत कापणाऱ्याचं.

पण मुळात कुंपण हवंच कशाला? कारण त्याआधीच्या काळात शहरांनी एक एक करत कुत्र्याला पट्टा बांधणं सक्तीचं केलं होतं. पट्टा रास्तच आहे, माझंही मत तेच. पण कुत्र्याला पळावं लागतं, आणि चार फुटांच्या पट्ट्यावर पळणं म्हणजे मालकाचा खांदा निखळणं. लोक मग बागेत गुपचूप पट्टा सोडायचे, कोणीतरी तक्रार करायचं, भांडणं व्हायची. या कोंडीतून दोनच वाटा होत्या. वेगळी जागा द्या, नाहीतर वेगळी वेळ द्या. बर्कलीने जागा दिली. वेळेची गोष्ट न्यूयॉर्कची, तिकडे येतोच. पण त्याआधी शी.

हो, शी. हा विषय टाळून कुत्र्यांच्या बागेचा इतिहास लिहिता येत नाही. जेवत असाल तर नंतर वाचा. :)

न्यूयॉर्कमध्ये 1930च्या दशकापासून पाट्या असायच्या की कुत्र्याला फुटपाथवर नको, कडेच्या गटारापाशी न्या. म्हणजे शी रस्त्यावरच, फक्त सहा इंच खाली. सत्तरच्या दशकात शहराचं दिवाळं निघायची वेळ आली होती, सफाई कामगार कमी केले जात होते, आणि फुटपाथवरून चालणं म्हणजे ठिक्कर खेळणं झालं होतं. फ्रॅन ली नावाच्या, टीव्हीवर ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या बाईंनी 'कुत्र्यांआधी मुलं' अशी मोहीम उघडली. कुत्र्यांच्या शीतून टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी मातीत जातात, मुलांच्या हाताला लागून पोटात जातात, आणि क्वचित मुलाची नजर जाते, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा शास्त्राला धरूनच होता. गंमत म्हणजे शी उचलायचा कायदा यायला लागला तेव्हा बाईंनी त्यालाच विरोध केला, कारण त्यांच्या मते उचलून भागणार नव्हतं, कुत्र्याने घरातच उरकायला हवं होतं. दुसऱ्या बाजूने कुत्रेवालेही विरोधात. आज शी उचलायला लावतील, उद्या कुत्रेच ठेवू देणार नाहीत, ही भीती. दोन्ही टोकं एकाच गोष्टीच्या विरोधात! आमची एजीएम आठवली.

शेवटी हा राज्याचा कायदा 1 ऑगस्ट 1978 पासून लागू झाला. एड कॉच तेव्हा महापौर होते. दंड शंभर डॉलरपर्यंत. दंडापेक्षा काम केलं ते लोकांच्या डोळ्यांनी. एकदा चार जण वाकायला लागले की पाचव्याला न वाकता निघून जाणं जड जातं.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतही असाच कायदा झाला. तो आणणारे हार्वे मिल्क, अमेरिकेत समलिंगी असल्याचं उघडपणे सांगून निवडून आलेल्या पहिल्या काही लोकप्रतिनिधींपैकी एक. त्यांनी पत्रकारांना डुबोस पार्कमध्ये बोलावलं, कॅमेरे सुरू असताना कायद्याची गरज सांगत चालू लागले आणि नेमका पाय शीत पडला. हशा, फोटो, देशभर बातमी. नंतर कळलं की साहेब तासभर आधी येऊन योग्य जागा हेरून गेले होते. डेमोच्या आधी ड्राय रन करणारा माणूस! त्याच नोव्हेंबरात त्यांची सिटी हॉलमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्याबद्दल बाकी खूप मोठं लिहिण्यासारखं आहे, पण त्या कायद्यामुळे आपण लोकप्रिय झालो हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना हसू यायचं, असं वाटतं.

तारखा बघा. 1978 साली शी उचलायचे कायदे, 1979 साली खाडीपलीकडे कुत्र्यांची पहिली बाग. एकामुळे दुसरं झालं असा पुरावा माझ्याकडे नाही. पण आमच्या भाषेत सांगायचं तर ही डिपेंडन्सी आहे. जिथे लोक रस्त्यावरची उचलत नाहीत तिथे वीस कुत्री एका कुंपणात आणून सोडली तर आठवड्यात काय होईल? मी पाहिलंय काय होतं.

आता त्या आजींच्या फावड्याकडे. तेव्हा मला वाटलं होतं की कुत्र्यांची बाग म्हणजे जाळी आणि फाटक, झालं. पण नीट पाहिलं तर तिथे फाटकं दोन होती, एकामागे एक, मध्ये चार पावलांची मोकळी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मग आतलं कुत्रं बाहेर निसटत नाही आणि नव्याचा पट्टा त्या मधल्या जागेत सोडता येतो. पट्ट्यातलं कुत्रं मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात शिरलं की घाबरून चावाचावी करतं, म्हणून हे. लहान कुत्र्यांना शक्यतो वेगळा कप्पा द्यायचा. खाणं आत न्यायचं नाही, भांडणं त्यावरूनच होतात.

आणि गवत. गवत टिकत नाही हो! कुत्र्याच्या मूत्रात नायट्रोजन इतका असतो की तेच खत जास्त होऊन गवत जळतं. पिवळे गोल डाग पडतात. वर नखांनी उकरणं. म्हणून एकतर जागा दोन भागांत वाटून आळीपाळीने एक भाग बंद ठेवायचा, नाहीतर गवताचा नाद सोडून लाकडाच्या ढलप्या किंवा बारीक खडी टाकायची. ढलप्या कुजतात, त्या बदलायच्या. खडी पावसाने वाहते, ती परत ओढायची. खाली पाण्याचा निचरा नसेल तर डबकं होतं, आणि डबकं म्हणजे आपल्या पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण. गोचीड वाढलेल्या गवतात दबा धरून बसतात. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि पार्वोचा विषाणू कित्येक महिने. साबणाच्या पाण्याने तो जात नाही. म्हणून लस झालेली नसेल तर आत सोडायचं नाही, हा एक नियम बाकी सगळ्या नियमांच्या आधी.

हे सगळं महापालिकेच्या माळ्यावर सोडलं तर होत नाही, आणि नुसत्या स्वयंसेवकांवर सोडलं तरी होत नाही. बर्कलीतही सगळं गोड नव्हतं. भुंकण्याच्या आवाजाने समोरच्या घरांतले लोक वैतागायचे आणि तक्रारी चालायच्या. त्यांचंही बरोबरच होतं, सकाळी सातला कोण झोपमोड करून घेईल!

न्यूयॉर्कने दुसरी वाट धरली असं वर म्हटलं. तिथे कुंपणाच्या बागा झाल्या, पहिली अधिकृत 1990 साली टॉम्पकिन्स स्क्वेअरमध्ये. पण प्रॉस्पेक्ट पार्क, सेंट्रल पार्क अशा मोठ्या बागांत अलिखित रीत होती की रात्री 9 नंतर आणि सकाळी 9 च्या आधी, ठरावीक भागात कुत्री मोकळी सोडली तर पार्कवाले काही बोलत नसत. साधारण वीस वर्षं हे असंच चाललं. मग 2006 साली क्वीन्समधली एक नागरिक संघटना कोर्टात गेली, की आरोग्य नियमात पट्टा सक्तीचा असताना ही सवलत आलीच कुठून? प्रश्न बिनतोड होता. कोर्टाने शहराची बाजू उचलून धरली, आणि मग शहरानेही शहाणपणा केला. रीत लेखी नियम झाली, 2007 पासून. अट अशी की कुत्र्याचं लायसन्स आणि रेबीजच्या लसीचा दाखला जवळ हवा. कुत्रेवाल्यांचं म्हणणं होतं की बागा जेव्हा सुनसान आणि धोक्याच्या होत्या तेव्हा पहाटे आणि रात्री तिथे जाणारे आम्हीच होतो, आमच्यामुळे बाकीचे यायला लागले. पार्क खात्यालाही ते पटत होतं.

काका म्हणतील, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे कुत्र्यांवरून एवढं कुठे काय होतं? काका, 1832. मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा सरकारी शिरस्ता होता, पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे. बक्षिसाच्या लोभाने कोणाचंही कुत्रं मारलं जाऊ लागलं. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान, मेलेल्या माणसाला कुत्र्याची नजर पडावी लागते. 6 जूनला फोर्टात पारशांच्या जमावाने पोलिसांना चोपलं आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीला पाव-पाणी पोचेना! शेवटी जमशेटजी जीजीभॉय आदी बड्या शेटजींनी मध्ये पडून अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचं ठरलं. दंगेखोरांना शिक्षा झाल्या ते वेगळं. 2025 साली सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश, मग त्यात बदल, मग रस्त्यांवरचे मोर्चे हे सगळं चाललं होतं तेव्हा मला हेच आठवत होतं.

बागेचं म्हणाल तर हैदराबादच्या महापालिकेने 2018 साली कोंडापूर भागात, जिथे आधी कचरा टाकला जायचा तिथे, 1.3 एकरांवर कुत्र्यांची बाग केली. खर्च एक कोटीच्या वर. आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या परिपत्रकात सोसायट्यांना सांगितलंय की पाळीव प्राण्यांना बागेत सरसकट बंदी घालू नका, वेळा ठरवून घ्या. म्हणजे न्यूयॉर्कचीच वाट. आमच्या सेक्रेटरींना मी ते प्रिंट काढून दिलंय.

आता आमच्या कोपऱ्याचं. सुरुवातीला सात घरं होती, सात दिवस वाटून घेतले होते. शीट मी केली होती, लाल-हिरवे रंग आपोआप बदलणारी. मला तिचा फार अभिमान होता. गुरुवार माझा. दर दिवशीच्या माणसाने शी राहिली असेल तर उचलायची, नळ बघायचा, फाटक तपासायचं. पहिले सहा महिने झकास. मग आमचं रिलीज आलं आणि माझे लागोपाठ तीन गुरुवार लाल झाले. मी मनात म्हटलं, एवढ्याने काय होतंय. मग सोमवारवाले म्हणाले, तो करत नाही तर आम्हीच का? हाउसकीपिंगच्या मावशींना सांगून पाहिलं, त्यांनी सरळ नाही म्हटलं, आणि बरोबर केलं. जुलैत डबकं झालं.

शीटमध्ये शेवटचा एक कॉलम लसीच्या तारखेचा होता. सातापैकी तीन घरांचाच भरलेला होता. बाकीच्यांच्या मागे लागणं माझं काम होतं, कारण शीट माझी होती. ऑगस्टमध्ये बी विंगमधल्या एका शाळकरी मुलीच्या पिल्लाला पार्वो झाला. कुकी नाव होतं. शेवटचा डोस व्हायचा होता, तरी ती त्याला कोपऱ्यात आणायची, कोणी अडवलंच नाही. पाचव्या दिवशी गेलं. ते तिथूनच झालं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, डॉक्टरही म्हणाले कुठूनही होऊ शकतं. त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी फाटकाला कुलूप लावलं आणि कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.

गंमत बघा, दर महिन्याला आपण जे पैसे भरतो त्याला 'मेंटेनन्स' म्हणतो. ते भरले की आपलं संपलं, असं मलाही वाटायचं. मी नोकरीतली पंधराहून जास्त वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळण्यात घालवली आहेत, आणि घरच्या जाळीमागे आठवड्यातून वीस मिनिटं देणं मला जमलं नाही.

पुढची मीटिंग तेरा तारखेला आहे. यावेळी नवी शीट केली आहे. रंग नाहीत. पहिला कॉलम लसीचा, तो रिकामा असेल तर चावी मिळणार नाही. प्लंबरकडून निचऱ्याच्या पाइपचा आणि दुसऱ्या फाटकाचा अंदाज घेतलाय, साडेअठरा हजार. सकाळी 8 च्या आधी कोपरा बंद, कारण सी विंगचा तळमजला. वरची माती काढून खडी टाकायची आणि पहिले तीन महिने पिल्लांना प्रवेश नाही.

यादीत आतापर्यंत पाच नावं झाली आहेत. गुरुवार माझाच ठेवलाय. शनिवार आणि रविवार रिकामे आहेत. बी विंगकडे अजून गेलो नाही.